अपग्रेडनंतर मेल नीट दिसत नाहीयेत? अकाउंट उडवायच्या आधी हे सगळं करा, याच क्रमाने

ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड झाली की मेलची तक्रार हमखास येते. कुणाला अक्षरं मुंगीएवढी दिसतात, कुणाला चित्रांच्या जागी लाल फुल्या, कुणाच्या मराठी मेलमध्ये नुसते चौकोन, आणि कुणाचा तर अख्खा इनबॉक्सच कोरा. मग बहुतेक जण पहिलं काय करतात, तर अकाउंट डिलीट करून परत ॲड करतात. हीच गोष्ट सगळ्यात शेवटी करायची असते, कारण दिसण्याचा प्रॉब्लेम शंभरातून एखादवेळी अकाउंटमध्ये असेल नसेल पण अकाउंट उडवल्यावर जुने मेल कायमचे जाऊ शकतात, आणि मग दिसण्याची तक्रारच राहत नाही कारण दिसायला काही उरतच नाही.

खाली विंडोज आणि मॅक दोन्हीचं आहे. प्रोग्राम म्हणाल तर आउटलुक, थंडरबर्ड, ॲपलचं मेल आणि ब्राउझरमधला मेल. तुमच्या कामाचं नाही ते सोडा पण पहिल्या दोन पायऱ्या कुणीच सोडू नका.

१. आधी बघा, बिघाड नक्की कुठे आहे

जो मेल खराब दिसतोय तोच मेल ब्राउझरमधून तुमच्या मेल कंपनीच्या साइटवर लॉगिन करून उघडा, आणि जमलं तर मोबाइलवरही. याला दोन मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात.

तिथे नीट दिसला, तर मेल शाबूत आहे आणि बिघाड तुमच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये आहे, पुढे चला. तिथेही, आणि मोबाइलवरही, तसाच खराब दिसला तर बहुतेक तुमच्या अपग्रेडचा त्यात काही हात नाही, पाठवणाऱ्यानेच तो तसा पाठवलाय. आणि तिथे तो मेल नाहीच, फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर आहे, असं असेल तर थांबा, काहीही क्लिक करू नका, सरळ दुसऱ्या पायरीवर जा.

मग हेही बघा की सगळेच मेल बिघडलेत की एकाच ठिकाणाहून येणारे. फक्त एका माणसाचे मेल उघडत नसतील आणि त्याला 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल जोडून येत असेल तर तो समोरच्याच्या आउटलुकचा रिच टेक्स्ट फॉरमॅट आहे, त्याला एचटीएमएल (वेबपानांसारखा, रंग-चित्रांचा फॉरमॅट) किंवा साध्या टेक्स्टमध्ये पाठवायला सांगा, तुमच्याकडे कितीही खटपट केलीत तरी ते मुळातून सुटणार नाही. तसंच जीमेलमध्ये लांबलचक मेल खाली मध्येच कापला जातो आणि 'पूर्ण मेसेज बघा' अशी लिंक येते, ते साधारण १०२ केबीच्या वरच्या मेलला होतंच, अपग्रेडच्या आधीही व्हायचं, फक्त आता आपण जरा जास्त बारकाईने बघतोय म्हणून डोळ्यात येतं.

तपासणी: पुढे जायच्या आधी खराब दिसणाऱ्या मेलचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. पाच सेटिंग बदलल्यावर मूळ प्रॉब्लेम काय होता हेच आठवत नाही, हे इतक्यांदा बघितलंय की विचारू नका.

२. बॅकअप, आणि त्याआधी पॉप की आयमॅप ते बघा

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक उडी मारून पुढे जातात. तसं करू नका.

अकाउंट सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या अकाउंटचा प्रकार बघा. आयमॅप किंवा एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिसांसाठीची मेलव्यवस्था) असेल तर मेल सर्व्हरवर असतात, तुमच्याकडे त्यांची प्रत असते. पॉप असेल तर मेल डाउनलोड होऊन तुमच्या कॉम्प्युटरवर येतात, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हे सेटिंग बंद असेल तर जगात त्या मेलची एकुलती एक प्रत तुमच्या हार्ड डिस्कवर आहे. पॉपवाल्यांनी अकाउंट डिलीट करण्याच्या नादाला लागूच नये, निदान बॅकअप झाल्याशिवाय तरी.

आयमॅपवाले लगेच निर्धास्त होतात, त्यांच्यासाठीही एक खड्डा आहे. जुन्या आउटलुकमध्ये आयमॅप अकाउंटचं कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स यांच्यापुढे 'फक्त हा कॉम्प्युटर' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं, ते बघा. ते खरंच फक्त त्याच कॉम्प्युटरवर असतं, सर्व्हरवर जात नाही. अकाउंट काढून परत टाकलं की सगळे मेल परत येतील पण फोन नंबर आणि तारखा येणार नाहीत.

बॅकअप असा घ्या:

- जुनं आउटलुक: फाइल, मग 'ओपन अँड एक्स्पोर्ट', मग 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट', आणि तिथून सगळं एका पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मेल साठवतं ती फाइल) काढा. पॉपची मूळ पीएसटी फाइल बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये असते.
- थंडरबर्ड: हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डर (तुमचे मेल आणि सेटिंग असतात तो) उघडायचं बटण आहे. तो अख्खा फोल्डर कॉपी करा.
- मॅक: टाइम मशीनचा (मॅकमधल्याच बॅकअप प्रोग्रामचा) बॅकअप चालू असेल तर उत्तम, नाहीतर मेलमध्ये मेलबॉक्स निवडून 'एक्स्पोर्ट मेलबॉक्स' करा.

फाइल कॉपी करायच्या आधी मेलचा प्रोग्राम पूर्ण बंद करा. चालू प्रोग्रामची फाइल कॉपी केली तर ती अर्धवट यायची शक्यता असते, आणि बॅकअप अर्धवट आहे हे नेमकं गरजेच्या दिवशी कळतं.

सावधान, विंडोजवाले: अपग्रेड झाल्यावर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर तयार होतो, जुन्या सिस्टिमचं सामान त्यात असतं. तो १० दिवसांनी आपोआप उडतो. तुमची मेलची फाइल किंवा जुने फॉन्ट सापडत नसतील तर या १० दिवसांत तिथून काढून घ्या. आणि जागा मोकळी करायच्या नादात डिस्क क्लीनअप तर आत्ता अजिबात चालवू नका.

३. तुम्ही उघडलेला प्रोग्राम जुनाच आहे ना?

हे वाचून हसू येईल पण निम्म्या तक्रारी इथेच संपतात. अपग्रेडनंतर दिसणं बिघडलेलं नसतं, प्रोग्रामच बदललेला असतो.

विंडोजसोबत यायचं ते साधं 'मेल' ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं, त्यातून आता मेल येतही नाहीत आणि जातही नाहीत, त्याच्या जागी नवं आउटलुक आलंय. म्हणजे त्या ॲपमध्ये नवे मेल दिसत नसतील तर सेटिंग शोधत बसू नका, प्रोग्राम बदला.

आता आउटलुकही दोन आहेत, क्लासिक म्हणजे जुनं, आणि नवं, आयकॉन दिसायला जवळपास सारखे. क्लासिक आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं आणि नवं आउटलुक ब्राउझरचं इंजिन वापरतं, त्यामुळे एकच जाहिरातीचा मेल एकात तीन कॉलममध्ये नीट बसतो आणि दुसऱ्यात ओळी फाकतात, बटणांचे रंग उडतात. हा बिघाड नाही आणि तो कुठल्या सेटिंगने जाणारही नाही. वर उजव्या कोपऱ्यात 'न्यू आउटलुक' असा स्विच असेल तर तो बंद करून जुन्यात जाता येतं, अर्थात तुमच्याकडे जुनं इन्स्टॉल असेल तर. आउटलुकमध्ये टाकलेली जुनी ॲड-इन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, नव्यात बहुतेक चालत नाहीत हेही लक्षात असू द्या.

थंडरबर्डवाल्यांचं वेगळं. अपग्रेडनंतर प्रोग्राम परत इन्स्टॉल केला असेल तर कधीकधी तो नवं कोरं प्रोफाइल उघडतो आणि वाटतं सगळं गेलं. काही गेलेलं नसतं. त्याच ट्रबलशूटिंग पानावर प्रोफाइलची लिंक आहे, तिथे जुनं प्रोफाइल दिसतंय का बघा आणि ते निवडून प्रोग्राम परत सुरू करा. आणि यादी एकदम कार्डासारखी दोन-दोन ओळींची दिसायला लागली असेल तर तो नव्या आवृत्तीतला कार्ड व्ह्यू आहे, यादीच्या वरच्या मेनूतून टेबल व्ह्यू निवडलं की जुन्यासारखं दिसतं.

४. अपग्रेडला त्याचं काम संपवू द्या

अपग्रेड संपलं असं स्क्रीनवर दिसलं म्हणजे संपलं असं नसतं, मागे बरंच चालू असतं. मॅकवर मेल पहिल्यांदा उघडल्यावर ते जुना डेटाबेस नव्या पद्धतीने लावतं, विंडोज सर्चची यादी नव्याने बनवतं, आणि या काळात मेल अर्धे दिसणं, सर्चमध्ये न सापडणं, रिकामी यादी दिसणं हे सगळं होतं. मेल खूप असतील तर चार्जर लावून, प्रोग्राम उघडा ठेवून रात्रभर राहू द्या.

मग ही तीन कामं:

- अपडेट्स परत एकदा तपासा, सिस्टिमचे आणि मेल प्रोग्रामचेही. अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी बरेचदा दुरुस्तीचा अपडेट वाट बघत असतो.
- कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करणं नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा आतला भाग पूर्ण नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्टमध्ये होतो.
- तारीख, वेळ आणि टाइम झोन बघा. तारीख चुकली की सुरक्षित कनेक्शनची सर्टिफिकेट्स अमान्य ठरतात, मग मेल येत नाहीत, आले तर चित्रं येत नाहीत, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

५. आकार: फार बारीक, फार मोठं, धूसर

इथे तीन वेगवेगळे आकार असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. सिस्टिमचं स्केल, प्रोग्रामचा फॉन्ट आणि त्या मेलपुरतं झूम. बाहेरून आत यायचं, उलटं नाही, नाहीतर आत झूम २०० केलं आणि मग बाहेर स्केल वाढवलं तर एक मेल दोन स्क्रीनभर पसरतो.

पहिलं सिस्टिमचं स्केल. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, स्केल. तिथे ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तोच ठेवा, त्याच्या खालचं रिझोल्यूशनही रेकमेंडेडच ठेवा. फक्त अक्षरंच मोठी हवीत तर स्केलला हात न लावता ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टेक्स्ट साइझ' आहे.

तरी धूसर दिसत असेल, विशेषतः लॅपटॉपला दुसरी स्क्रीन जोडलेली असताना, तर क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, जनरल इथे दोन पर्याय आहेत, एक चांगलं दिसण्यासाठी आणि एक कॉम्पॅटिबिलिटीसाठी. जो निवडलेला नाही तो निवडा, आउटलुक बंद करून उघडा. अक्षरांच्या कडा घाण दिसत असतील तर स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' शोधा आणि ते विचारेल त्यातला बरा दिसणारा नमुना निवडत जा.

मग मेलपुरतं झूम. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरलं की झूम बदलतं, आणि हे नकळत होतं. क्लासिक आउटलुकमध्ये खाली उजवीकडे टक्केवारी दिसते, त्या आकड्यावरच क्लिक करा, १०० निवडा आणि 'माझी निवड लक्षात ठेवा' या अर्थाच्या चौकोनात टिक करा, नाहीतर पुढच्या मेलला परत तेच. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि शून्य. थंडरबर्डमध्ये तीन रेघांच्या मेनूत फॉन्ट साइझ आणि डेन्सिटी. मॅकवर मेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉन्ट्स अँड कलर्स'.

तपासणी: तुम्ही स्वतःच स्वतःला एक साधा मेल पाठवा आणि तो बघा. तो नीट दिसला आणि फक्त जाहिरातींचे मेल वाकडे दिसत असतील तर आकाराचं काम झालं.

६. चित्रं येत नाहीत

दोन प्रकारची चित्रं असतात. मेलसोबत आतच आलेली आणि सर्व्हरवरून नंतर ओढली जाणारी. दुसऱ्या प्रकारची चित्रं बहुतेक प्रोग्राम मुद्दाम अडवतात कारण चित्र ओढलं की पाठवणाऱ्याला कळतं तुम्ही मेल उघडला. अपग्रेडमध्ये किंवा नव्या प्रोफाइलमध्ये ही परवानगी मूळ जागेवर जाते, आणि आधी दिसायची ती चित्रं बंद होतात. म्हणजे वरच्या पट्टीत 'चित्रं डाउनलोड करा' असं काही दिसतंय का आधी ते बघा. माझं मत विचाराल तर सरसकट सगळ्यांची चित्रं चालू करू नका, ओळखीच्या पत्त्यांनाच परवानगी द्या.

- क्लासिक आउटलुक: फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिक डाउनलोड'. तिथेच शेजारी 'ईमेल सिक्युरिटी' मध्ये 'सगळे मेल साध्या टेक्स्टमध्ये वाचा' अशी टिक आहे, ती पडलेली असेल तर सगळंच रंगरूप जातं, ती काढा.
- थंडरबर्ड: व्ह्यू मेनूत 'मेसेज बॉडी ॲज', तिथे 'ओरिजिनल एचटीएमएल' हवं. मेनू दिसत नसेल तर ऑल्ट दाबा.
- मॅक: मेल, सेटिंग्ज, प्रायव्हसी. 'प्रोटेक्ट मेल ॲक्टिव्हिटी' चालू असताना व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) किंवा नेटवर्कचं फिल्टर आडवं आलं तर चित्रं खाजगीपणे लोड करता येत नाहीत असा संदेश येतो, शेजारी लोड करायचं बटण असतं. आधी व्हीपीएन बंद करून बघा, मगच हे सेटिंग बदला.

आता क्लासिक आउटलुकमधली लाल फुली, जिच्याखाली लिहिलेलं असतं की जोडलेलं चित्र दाखवता येत नाही, फाइल हलवली किंवा डिलीट केली असावी. हे वाचून लोक समोरच्याला परत पाठवायला सांगतात. आधी हे करा: कंट्रोल पॅनेल, इंटरनेट ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, खाली सिक्युरिटीपर्यंत जा, 'एन्क्रिप्टेड पानं डिस्कवर सेव्ह करू नका' यावरची टिक काढा आणि आउटलुक परत उघडा. तेवढ्याने नाही गेलं तर अँटिव्हायरसचं मेल स्कॅनिंग थोडा वेळ बंद करून बघा आणि बघून झालं की लगेच चालू करा.

ब्राउझरमध्ये चित्रं नसतील तर प्रायव्हेट विंडोत उघडा. तिथे दिसली म्हणजे एखादं एक्स्टेन्शन अडवतंय, बहुतेक जाहिराती रोखणारं.

७. अक्षरं: चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कचरा

मराठी मेल वाचणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचा. सगळे याला एकच नाव देतात, 'फॉन्ट गेला'. पण हे चार वेगवेगळे प्रकार आहेत, चौघांचा उपाय वेगळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर काहीच होत नाही.

*चौकोन दिसतात.* मजकूर शाबूत आहे, फक्त दाखवायला फॉन्ट नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे देवनागरी फॉन्ट मूळ सिस्टिममधून काढून ऑप्शनल फीचरमध्ये टाकलेत, मुळात असतो तो निर्मला. मेल मंगलमध्ये लिहिलेला असेल तर बहुतेक प्रोग्राम निर्मला वापरून वेळ मारून नेतात, पण काही जुने प्रोग्राम तसं करत नाहीत आणि चौकोन दाखवतात. सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' लिहा, नवीन जोडा, 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधून इन्स्टॉल करा, रीस्टार्ट. भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी जोडली तर हे बरेचदा आपोआपच येतं.

*विचित्र अक्षरांची माळ दिसते.* डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन छोटा ए, त्याच्यामागे कधी चार कोपऱ्यांना चार काड्या असलेलं गोल चिन्ह तर कधी येनचं चिन्ह, मग अजून काहीतरी, आणि हे परत परत. असा नमुना दिसला तर डोळे झाकून समजा की मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच कोडमध्ये, आहे पण प्रोग्राम ते पाश्चात्त्य एन्कोडिंगने (कोडवरून अक्षर ओळखायच्या पद्धतीने) वाचतोय. युटीएफ-८ या युनिकोड लिहायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्या तीनमधली पहिली बाइट नेहमी तीच, म्हणून तो ए सारखा सारखा दिसतो. इथे फॉन्ट टाकून काहीही होणार नाही, एन्कोडिंग बदला. क्लासिक आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून 'ॲक्शन्स' मध्ये एन्कोडिंग, तिथे युनिकोड युटीएफ-८. थंडरबर्डमध्ये व्ह्यू मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग'. मॅकवर मेसेज मेनूत 'टेक्स्ट एन्कोडिंग'.

*नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.* वाईट बातमी. वाटेत कुठल्यातरी प्रोग्रामने अक्षरं बदलून तिथे खरोखरच प्रश्नचिन्हं लिहून टाकलीत, मूळ मजकूर आता त्या मेलमध्ये नाहीच. परत पाठवायला सांगा, दुसरा इलाज नाही. जुन्या मेलमध्ये हे आत्ता पहिल्यांदा दिसलं तर मात्र घाई करू नका, पहिल्या पायरीसारखं ब्राउझरमध्ये बघा, सर्व्हरवरची प्रत चांगली असू शकते.

*इंग्रजी अक्षरांची निरर्थक जुळणी दिसते*, कंस, सेमीकोलन मध्येच पेरलेले. हे जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधलं मराठी, श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी वगैरे. आत खरंच इंग्रजीचेच कोड आहेत आणि तो फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो, फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. क्लीन इन्स्टॉल केलेल्यांना, म्हणजे सिस्टिम नव्याने टाकलेल्यांना, हे सर्रास होतं. 'विंडोज डॉट ओल्ड' च्या आत विंडोज आणि त्यात फॉन्ट्स असा फोल्डर आहे, तिथे तो फॉन्ट सापडला तर बाहेर कॉपी करा, राइट क्लिक करून 'सगळ्या युजर्ससाठी इन्स्टॉल' करा, मेलचा प्रोग्राम बंद करून उघडा. मेल एचटीएमएल असेल तर त्यात फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं त्यामुळे तो लगेच मराठी दिसायला लागतो. कामाचे मेल असतील तर याच निमित्ताने कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून ठेवा, पुढच्या अपग्रेडला परत हीच रड नको.

सावधान: विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये 'बीटा, जगभरातल्या भाषांसाठी युटीएफ-८ वापरा' अशी एक टिक आहे आणि ती टाकायचा सल्ला बरेच जण देतात. मेलसाठी तिची गरज नाही, उलट जुने अकाउंटिंगचे वगैरे प्रोग्राम त्यामुळे कचरा दाखवायला लागतात.

८. कोरी, काळी किंवा लुकलुकणारी खिडकी

काळ्यावर काळी अक्षरं दिसत असतील तर तो डार्क मोड. अपग्रेडमध्ये थीम बदलली की मेलची पार्श्वभूमी काळी होते आणि पाठवणाऱ्याने अक्षरांना ठोकून काळा रंग दिलेला असला की गायब. आउटलुकमध्ये उघडलेल्या मेलला सूर्य-चंद्राचं बटण असतं, ते दाबा. मॅकवर मेलच्या सेटिंग्जमध्ये 'व्ह्यूइंग' खाली मेसेजसाठी गडद पार्श्वभूमीची टिक आहे, ती काढली की बाकी सिस्टिम काळी ठेवूनही मेल पांढऱ्यावर वाचता येतात.

खिडकी लुकलुकते, स्क्रोल करताना जुने तुकडे मागे राहतात, असं असेल तर ग्राफिक्स. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, स्क्रीन क्षणभर काळी होऊन ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवणारं कार्ड चालवणारा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' उघडून बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' दिसलं तर अपग्रेडमध्ये तुमच्या कार्डचा खरा ड्रायव्हर आलेलाच नाही. तो लॅपटॉपच्या किंवा कार्डच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, ड्रायव्हर शोधून देणाऱ्या फुकट प्रोग्रामच्या वाटेला जाऊ नका.

नवं आउटलुक पूर्ण पांढरं उघडत असेल तर इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये 'एज वेबव्ह्यू २ रनटाइम' शोधा, मॉडिफाय आणि मग रिपेअर. ते त्याच्याच जोरावर चालतं.

९. यादी रिकामी किंवा अर्धी

घाबरायच्या आधी फिल्टर बघा. 'अनरीड' निवडलेलं आहे का, 'फोकस्ड' आणि 'अदर' असे दोन भाग पडलेत आणि मेल दुसऱ्यात गेलेत का, एकाच विषयाचे मेल एकाखाली एक गुंडाळले गेलेत का. क्लासिक आउटलुकमध्ये व्ह्यू टॅबवर 'रीसेट व्ह्यू' आहे, तुमची स्वतःची मांडणी जाईल पण मेलला काही होत नाही. मेल वाचायचा भागच गायब असेल तर तिथेच 'रीडिंग पेन', उजवीकडे किंवा खाली.

फक्त जुने मेल नाहीत, ठरावीक तारखेनंतरचेच दिसतात? अकाउंट सेटिंगमध्ये किती महिन्यांचे मेल उतरवायचे याची पट्टी असते, ती 'ऑल' वर न्या. अकाउंट नव्याने ॲड केल्यावर ती बरेचदा एका वर्षावर किंवा त्याहून कमीवर येते, म्हणून 'परत ॲड केलं आणि जुने मेल गेले' ही दुसरी तक्रार जन्माला येते.

एवढ्यानंतरही विषय एका मेलचा आणि मजकूर दुसऱ्याचा असं काही दिसत असेल तर अनुक्रमणिका बिघडलीय. थंडरबर्डमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. मॅकवर मेलबॉक्स मेनूत 'रीबिल्ड', आयमॅपचे मेल ते सर्व्हरवरून परत उतरवतं म्हणून चांगलं नेट असताना करा.

सावधान: एका वेळी एकच फोल्डर. सगळे एकदम रिपेअरला लावून मध्येच प्रोग्राम बंद करणं ही नेहमीची चूक.

१०. सेफ मोड, आणि मग नाइलाज म्हणून नवं प्रोफाइल

क्लासिक आउटलुक कंट्रोल दाबून ठेवून उघडा, सेफ मोड हवा का विचारेल, हो म्हणा. थंडरबर्ड विंडोजवर शिफ्ट दाबून आणि मॅकवर ऑप्शन दाबून. सेफ मोडमध्ये सगळं नीट दिसलं म्हणजे दोषी एखादं ॲड-इन आहे. सगळी बंद करा, मग एकेक चालू करून बघा, दोन-दोन एकदम नाही.

सेफ मोडमध्येही तसंच असेल तरच नवं प्रोफाइल. जुनं डिलीट करायचं नाही, शेजारी नवं बनवायचं. क्लासिक आउटलुकसाठी कंट्रोल पॅनेलमध्ये 'मेल', तिथे 'शो प्रोफाइल्स', ॲड. नव्यात अकाउंट टाका, मेल उतरू द्या, आणि जुन्याशी फोल्डर न् फोल्डर ताडून बघा, विशेषतः सेंट, ड्राफ्ट्स आणि ते 'फक्त हा कॉम्प्युटर' वालं कॅलेंडर. पॉपवाल्यांनी नव्या प्रोफाइलमध्ये जुनी पीएसटी फाइल उघडून जोडायची, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' वर पहिल्याच सेकंदाला टिक.

हे सगळं करूनही काम अडत असेल आणि १० दिवस झाले नसतील तर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' आहे. तुमच्या फाइल राहतात, पण अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम जातात, आणि मेलचा बॅकअप आधी दुसऱ्या डिस्कवर न्या.

कुणाला मदत मागायची झाली तर 'मेल दिसत नाही' एवढंच लिहू नका. जुनी सिस्टिम कोणती होती आणि नवी कोणती, मेल प्रोग्रामचं नाव आणि आवृत्ती, पॉप की आयमॅप, ब्राउझरमध्ये तोच मेल कसा दिसतो, आणि वरच्यापैकी कुठल्या पायरीपर्यंत आलात, हे लिहा आणि पहिल्या पायरीतला स्क्रीनशॉट जोडा, त्यातले मेल पत्ते आधी झाकून.